माडाचं वय

कृषी अधिकारी जोबिनने शेवटच्या माडाला हात लावून पाहिला आणि मान हलवली. हाही कोवळाच होता. तलाठ्याने तसं कागदावर उतरवलं. पंचायतीची प्रेसिडेंट ओमना छत्री खांद्याला टेकवून उभी होती.

समोर तंकम्मा उभी होती, मुंडू वर खोचून. जागा तिची, बापाने वाटणीत दिलेली. पंचायतीच्या यादीत मात्र ती भातशेती म्हणून लागली होती, आणि भातशेतीत घर बांधायची परवानगी मिळत नाही. पुरात घर गेल्यापासून तंकम्मा भावाकडे स्वयंपाकघरामागच्या पडवीत निजत होती. सकाळी ती उठून बसायच्या आत भावजय तिची चटई गुंडाळायला येई.

जोबिन आलप्पुळाहून नुकताच बदलून आलेला. त्याने नियम नीट समजावला. कायदा झाला दोन हजार आठ साली. त्याच्या आधीच इथे भराव पडला होता, असा पुरावा हवा. दुसरं काही नसेल तर माड बघतात, कारण पाणी साचलेल्या शेतात माड जगत नाही. प्रत्येक झावळी गळताना खोडावर एक वण ठेवून जाते. ते वण मोजले की माडाचं वय कळतं.

"इथले सगळे कायद्यानंतरचे आहेत, चेची," तो थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाला.

तंकम्माने सांगितलं की भराव तिच्या बापाने घातला. तळ्याच्या तळचा गाळ होडीतून आणून, टोपली टोपलीने. त्या काळी गरिबाची जमीन अशीच व्हायची. आई गाळ पसरायची, पोरी तो पायांनी दाबायच्या, गुडघ्यापर्यंत काळ्या होऊन. गाळ बसल्यावर बापाने माड लावले. ते बहुतेक रोगाने गेले, एक तेवढा राहिला होता, कालव्याकडचा.

"मग तो कुठाय?" तलाठ्याने विचारलं.

"हिला विचारा."

ओमनाने छत्री दुसऱ्या खांद्यावर घेतली. तो माड पलीकडच्या विजेच्या तारांवर कलला होता, म्हणून पंचायतीने नोटीस काढली, असं ती म्हणाली. नोटिशीवर सही तिचीच होती. पुढे कालव्याची भिंत बांधताना बुंधाही उखडला गेला. तेव्हा चेचींनी हरकत घेतली नव्हती.

"तू पाड म्हणालीस म्हणून मी माझा म्हातारा माड पाडला," तंकम्मा म्हणाली. "आता तूच माणसं घेऊन येतेस, म्हातारा माड दाखव म्हणून. आणि तिकडे भाताच्या वाफ्यात लग्नाचा हॉल उभा राहिला, तेव्हा कशावरचे वण मोजलेस ग?"

तलाठी खाकरला. जागेवर जे दिसतं तेच लिहावं लागतं, म्हणाला, आणि माड नाही असं लिहून मोकळा झाला. ओमनाने छत्री बगलेत धरून सही केली. जोबिनने पेन उघडलं, पुन्हा बंद केलं. ऑफिसात जाऊन करतो म्हणाला.

जीप कालव्यापलीकडे होती. मधे साकव, एकच गोल खोड टाकलेला, बाजूला बांबूचा कठडा. तंकम्मा त्यांच्या पुढे निघाली, साकवाच्या मधोमध गेली आणि दोन्हीकडे पाय सोडून खोडावर बसली.

ओमना म्हणाली, चेची, उठा, लोक बघतायत. पलीकडे धुणं धुणाऱ्या दोघीजणी खरंच हात थांबवून बघत होत्या.

"बघू देत. इथली जुनी फळी कुजली तेव्हा पंचायतीकडे पैसे नव्हते," तंकम्मा म्हणाली. "तू माझ्या दारात आलीस, चेची, त्या माडाचं तेवढं खोड द्या, म्हणून. मी दिलं. तू इथे फीत कापलीस, फोटो काढून घेतलास."

तलाठ्याने पायाखाली पाहिलं.

तंकम्माने खांद्यावरचा पंचा ओढला, कालव्यात बुडवला आणि खोडावर वाळलेला चिखल पुसायला लागली. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांचा चिखल होता, सहज निघेना. ती दात आवळून घासत राहिली. हळूहळू खालून वण दिसायला लागले, एकाला एक लागून.

"जोबिन, बाळा, ये. त्या टोकाकडून मोजायला धर."

जोबिनचा एक पाय खोडावर होता. त्याने तो मागे घेतला, बूट काढले आणि काठावर उकिडवा बसून पहिल्या वणावर बोट ठेवलं.

ओमनाने छत्री मिटली. कालव्यावर दुसरा साकव नव्हता.