सातवा आवाज

परिषदेच्या हॉटेलात नाश्त्याला समोरच्या टेबलावरचा माणूस उकडलेलं अंडं तोंड उघडं ठेवून चावत होता. सरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"बघ," ते बायकोला म्हणाले, "जन्मभर लोकांचे घसे तपासतात आणि स्वतःचं तोंड मिटता येत नाही. हे म्हणे वाचाउपचारतज्ज्ञ."

बायकोने मान वर केली नाही. ती पावाला लोणी लावत होती. तिच्या खुर्चीला एक नवीकोरी पिवळी छत्री टेकवलेली होती.

"ही कुठून आणलीस?"

"काल तुम्ही बैठकीला गेलात ना, तेव्हा परिषदेच्या त्या मुली मला..."

"फुकट वाटताहेत म्हणून लगेच घ्यायची? खाली स्टॉलवर घट्ट केलेला चहाही फुकट आहे. गिळायला त्रास होणाऱ्यांसाठी. चमचा उभा राहतो त्यात. निव्वळ शेंबूड. तोही आणतेस का दोन कप?"

"तसं नाही हो, त्यांनी..."

"बरं, हे ऐक." सरांनी कार्यक्रमपत्रिका उघडली. घरीही सकाळचा पेपर तेच मोठ्याने वाचत आणि बायको ऐकत असे. "'दुपारचे सत्र : कान की यंत्र?' नाव बघ काय ठेवलंय. सर्कशीचा खेळच जणू."

खेळ असो वा नसो, सरांना आज त्यात यंत्राविरुद्ध जिंकणं भाग होतं. रुग्णाचा आवाज नुसत्या कानाने पारखायला ते विद्यार्थ्यांना शिकवत. पाठीमागे सगळे त्यांना 'कानसेन' म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. मनातून आवडतही होतं. आता हा विषय अभ्यासक्रमातून काढून टाकावा, आवाज तपासणारं यंत्र आहेच, असा प्रस्ताव परिषदेपुढे आला होता. आजच्या सत्रानंतर मतदान होणार होतं. विषय गेला की सरांना घरी बसून भाज्या निवडण्यावाचून काम उरणार नव्हतं.

"मी येऊ का दुपारी ऐकायला?" बायकोने विचारलं.

"ये. पण मागे बस. आणि मध्येच खोकू नकोस."

सकाळची सत्रं सरांनी कशीबशी काढली. पडद्यावर भिंतभर मोठे घसे दिसत होते. लालभडक, बुळबुळीत, कुठे पिवळ्या कफाची तार लोंबणारे. आणि खाली माणसं बिस्किटं बुडवून खात होती. शेजारच्याने तर एका गाठीकडे बोट दाखवून "काय सुंदर आलीय" म्हटलं आणि बोट चाटलं. सरांना मळमळून आलं. याच लोकांत आपण आयुष्य घातलं, या विचाराने जास्तच.

दुपारी सभागृह भरलं. व्यासपीठावर एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला यंत्र आणि ते बनवणारा तरुण. संयोजक बाईंनी नियम सांगितला. ध्वनिमुद्रित आवाज एकेक ऐकवले जातील, सगळ्यांनी एकच उतारा वाचलेला आहे. आवाज निरोगी की आजारी, ते आधी सरांनी सांगायचं, मग यंत्राने.

सरांनी डोळे मिटले. पहिल्या आवाजात गाठ होती. दुसरा निरोगी. तिसऱ्याचा घशातला एक स्वरपडदा लुळा पडला होता. सहाव्यापर्यंत सर आणि यंत्र बरोबरीत राहिले.

मग सातवा आवाज आला. कोणी बाई वाचत होती.

"बागेत माळी सकाळी येतो आणि झाडांना पाणी..."

सरांच्या अंगावर शिसारी आली. दर वाक्याआधी ओठांचा चिकट आवाज. मग घाईघाईने सुटलेले शब्द, आणि वाक्य संपायच्या आत श्वासच टाकून दिलेला. शेवटचे शब्द ती गिळत होती, ओकारी गिळावी तसे.

"बंद करा," सर म्हणाले. "आजारी. असा आवाज घरात रोज ऐकावा लागला, तर मला जेवण जाणार नाही."

सभागृह हसलं.

तरुणाने यंत्राच्या पडद्याकडे पाहिलं. "सर, यंत्र निरोगी म्हणतंय. स्वरपडदे अगदी स्वच्छ आहेत."

"पडदे स्वच्छ असतील हो. तुमच्या यंत्राला भीती मोजता येते का?" सर उठून उभे राहिले. "नीट ऐका. वाक्य पुरं होईल असं या बाईला वाटतच नाही. आता कोणीतरी तोडणार, म्हणून ती आधीच आवरतं घेते. ही एका दिवसाची सवय नाही. कोणीतरी वर्षानुवर्षं हिच्या मानेवर पाय देऊन बसलंय. मला किळस या बाईची नाही, त्या माणसाची येते. आणा त्याला माझ्यासमोर."

मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेचनात. अंडं खाणारा माणूसही उभा राहून टाळ्या वाजवत होता. मतदानाचा निकाल काय लागणार, ते सरांना कळलं. त्यांनी घाम पुसला.

"सर, तुमच्या कानाला दाद द्यायलाच हवी," संयोजक बाई म्हणाल्या. "पण एक सांगते. सातवा आवाज रुग्णाचा नाही. तुलनेसाठी एक निरोगी आवाज हवा होता, म्हणून काल प्रतिनिधींबरोबर आलेल्या एका पाहुण्या बाईंकडून आम्ही उतारा वाचून घेतला. आठवण म्हणून त्यांना पिवळी छत्री दिली होती. त्या इथे असतील, तर कृपया छत्री वर करतील का?"

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. सरांनीही पाहिलं.

अगदी शेवटच्या रांगेत त्यांची बायको वाकून, आवाज होऊ न देता, छत्री खुर्चीखाली सरकवत होती.