बसऱ्याला निघालेली गाडी

"आडवी पाड आन् एकट्यानं उचलून दाखव," ज्योतीराम म्हणाला. "इराकच्या वाळूत मी आजारी पडलो तर तुलाच उचलावी लागंल."

बबननं पाचशे सीसीची मोटारसायकल आडवी केली. देहूरोडच्या लिलावाच्या आवारात लष्करानं काढून टाकलेल्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या. त्यानं हँडल धरलं, दात आवळले. गाडी वीतभर उठली आणि धुळीत आदळली.

"बघितलंस? साडेतीनशेची घेऊ. हलकी हाय."

"दोघं आणि सामान घेऊन ती तुर्कस्तानचा घाट चढेल? सात वर्षं वर्कशॉपात हीच इंजिनं खोलतोय मी. हे इंजिन कसलंही पेट्रोल पितं."

दोन वर्षं दोघांच्या डोक्यात हेच होतं. मुंबईहून बोटीनं बसरा, तिथून बगदाद, तुर्कस्तान करत लंडन. ज्योतीराम पिंपरीच्या औषधांच्या कंपनीत फिटर होता. पासपोर्ट आले होते, बोट ठरली होती. राहिली होती फक्त गाडी.

शब्दानं शब्द वाढला.

"तुला गाडीतलं काय कळतं?" बबन म्हणाला. "औताला बैल बघायला आलायस का?"

ज्योतीरामनं त्याच्या थोबाडीत मारली. बबनच्या हातात पाना होता. तो त्यानं फिरवला आणि ज्योतीरामची भुवई फुटली. दोघं धुळीत लोळले. लोकांनी ओढून वेगळं केलं तेव्हा दोघांचेही सदरे रक्तानं भरले होते.

"एकटा जाईन मी!" बबन ओरडला. "या गाडीवर पाय टाकून तर बघ!"

आवारातल्या वीसेक माणसांनी ते ऐकलं.

पाचशेची गाडी बबननं घेतली. तिसऱ्या दिवशी तो तिच्यावरूनच पुनावळ्याला आला, ज्योतीरामच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "चुकलं माझं. दोघंच जाऊ."

ज्योतीराम हसला. पण भुवईवरचे टाके ठणकत होते.

त्याच्या आईनं, गोजाबाईनं, बबनला चहा दिला. इतके दिवस या प्रवासाचं नाव निघालं की ती चुलीपुढून उठून जायची. ज्योतीरामचा बाप लढाईत बसऱ्याला गेला होता. आधी त्याची पत्रं थांबली, मग सरकारी कागद आला. त्या दिवशी मात्र ती वाटेसाठी शेंगदाण्याची चटणी कुटायला बसली.

"आई निवळली, मामा," ज्योतीराम म्हणाला.

"व्हय," भिमाजी म्हणाला. हा गोजाबाईचा धाकटा भाऊ. बाप गेल्यावर यानंच ज्योतीरामला वाढवलं, तालमीत घातलं, शेतही यानंच सांभाळलं.

बोटीला पाच दिवस उरले. सकाळच्या शिफ्टसाठी ज्योतीराम सायकलवरून निघाला. ओढ्याजवळ धुकं होतं. उतारावर त्यानं सायकल हातात धरली, तेवढ्यात मागून कुणीतरी त्याला ढकललं. तो पालथा पडला. उजव्या गुडघ्यावर लोखंडी पहार बसली आणि हाड मोडल्याचा आवाज त्यानं स्वतः ऐकला.

डोक्यावरून घोंगडी घेतलेला एक माणूस पाठ फिरवून चालू लागला होता. काही न बोलता, न पळता.

ज्योतीराम पैलवान होता. तो कोपरांवर सरपटत गेला, घोंगडीचं टोक त्यानं मुठीत धरलं आणि सगळ्या ताकदीनं ओढलं. माणूस गर्रकन वळला. तोंड दिसायच्या आत पहार खाली आली. या वेळी डाव्या पायावर. मग पुन्हा. मग मोजायची शुद्ध राहिली नाही.

भिमाजीनं त्याला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आणलं आणि ट्रकमध्ये घालून पुण्याच्या दवाखान्यात नेलं. डाव्या पायाचा चेंदा झाला होता. डॉक्टरांनी तो गुडघ्यापासून कापला. उजवा जुळेल म्हणाले, पण वाकणार नाही.

तिसऱ्या दिवशी ज्योतीरामनं डोळे उघडले.

"बबन," तो म्हणाला.

भिमाजी पुढं वाकला. "तू बघितलंस त्याला?"

"तोंड न्हाई दिसलं. पर दुसरं कोण आसणार, मामा?"

भिमाजीनं त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"बबनच," तो म्हणाला. "मी बघतो."

भर दुपारी पिंपरी कॅम्पात बबन गाडीला पेट्या बांधत होता. भिमाजीनं पहिली काठी त्याच्या उजव्या हातावर मारली, टाकीवर हात ठेवलेला असतानाच. दुसरी तोंडावर.

"मी न्हाई हो मारलं! ज्योतीची शपथ!" बबन रक्त थुंकत ओरडत होता. "मीच त्याला बघायला निघालो होतो!"

लिलावातली धमकी एव्हाना सगळ्या बाजाराला ठाऊक होती. कुणी मधे पडलं नाही. तो हलायचा थांबला तेव्हा भिमाजीनं रस्त्याकडेचा धोंडा उचलला आणि इंजिन फुटेपर्यंत गाडीवर घातला.

बबनचा एक डोळा गेला. हाताची बोटं मिटेनात. त्याची आई त्याला एसटीत घालून चिपळूणला घेऊन गेली. जाताना तिनं भर स्टँडवर ज्योतीरामच्या घराला शाप दिला. पोलिसांत जबाब झाले, पण साक्षीला कुणी उभं राहिलं नाही.

दोन महिन्यांनी ज्योतीराम घरी आला. गोजाबाईनं ओसरीवर त्याचं अंथरूण घातलं, उरलेल्या पायाला तेल चोळलं, लहान मुलासारखे घास भरवले.

"आता कुटं जायचं न्हाई मला, आये," तो म्हणाला.

"नगं जाऊस," ती म्हणाली.

"मामा नसता तर बबन मोकळा फिरला आसता. मामाचे उपकार या जन्मात फिटायचे न्हाईत."

तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला. तो झोपेपर्यंत ती उशाशी बसून राहिली. मग उठून गोठ्याकडं गेली. भिमाजी बैलांना वैरण टाकत होता. बहिणीला बघून तो थांबला, पण मान वर केली नाही.

"भिमा," गोजाबाई म्हणाली, "म्या तुला एकच पाय सांगितला व्हता."