दारातला म्हातारा

खेळणाऱ्याची पाठ वळली, की त्याच्यामागचे जग पडद्यावर चितारायचे नाही; तरच खेळ न अडखळता पळतो. हा नियम तिचाच. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या त्या टीमची ती लीड इंजिनिअर, आणि जड वाटेल ते निर्दयपणे छाटते म्हणून सगळे तिला 'कात्री' म्हणत.

"ताई, कात्रीच्या तावडीतून एक जण सुटलाय," नवा प्रोग्रामर हसत म्हणाला. पडद्यावर एका घराच्या दारात उभा राहून म्हातारा हात हलवत होता. "खेळणारा डोंगरापलीकडे गेला, तरी याचं आपलं चालूच! याच्यापायी सगळा खेळ रखडतोय. उडवू?"

"नदीवरची चमक काढ. पाखरं कमी कर. त्याला हात लावू नकोस."

"अहो, पण तो दिसतच नाही कुणाला! आणि कुणी वळून पाहिलंच, तर त्या क्षणी आणू की त्याला परत दारात."

ती त्या हलत्या हाताकडे पाहत राहिली.

"मीही याच भरवशावर निघाले होते रे," ती म्हणाली. "वळून पाहिलं, तेव्हा बाबांच्या दाराला कुलूप होतं."