दोघींपुरती जागा

खाली दोनच बाक होते. लाकडी, भिंतीत ठोकलेले, एकावर एक. शिडी उतरताच देवयानीच्या नजरेत आधी तेच भरले. दोन्हींवर धुतलेल्या गोधड्या होत्या, दोन्हींवर उशा.

ओटाव्यातल्या धाकट्या बहिणीच्या, रुचाच्या घरामागचा हा बंकर साठ वर्षांपूर्वीच्या कुणा मालकानं अणुबॉम्बच्या धास्तीनं बांधलेला. वरून दिसायचं ते एवढंच: गवतातून डोकावणारा गंजका पाइप आणि एक जड लोखंडी झाकण. रुचाला तो केव्हाच बुजवायचा होता, पण आईनं हात लावू दिला नाही. एकाहत्तरच्या युद्धात, परकराच्या वयात, ती देवळालीला अंगणातल्या खंदकात बसली होती. बातम्यांत कुठं विमानं दिसली की ती खाली जाऊन पिण्याचं पाणी बदलायची, भाजणीचा डबा भरून ठेवायची.

आईचं तेरावं कालच झालं. आलेली माणसं आधी रुचाजवळ गेली, मग ‘तुम्ही मोठ्या ना?’ म्हणत देवयानीकडे वळली. वॉटर्लूला देवयानीच्या वरच्या मजल्यावरच्या कॉन्डोत आई कधी पंधरवड्यावर टिकली नाही. इतक्या उंचावर झोप येत नाही म्हणायची. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आईच्या खांद्यामागून रुचाच सांगायची, आज आई काय जेवली ते. देवयानी ‘अरे वा’ म्हणायची आणि नंतर घासलेलीच भांडी पुन्हा घासायची.

आणि इथंही दोघींचीच सोय. जग बुडालं असतं तर या दोघी इथं भाजणीची थालीपिठं खात बसल्या असत्या. वॉटर्लूचं काय झालं, ते त्यांना रेडिओवर कळलं असतं.

“काय हवं ते आत्ताच घे, ताई,” वरून टॉर्च धरून उभी असलेली रुचा म्हणाली. “सोमवारी कॉन्ट्रॅक्टर येतोय बुजवायला.”

“छान संसार मांडला होतात,” देवयानी म्हणाली. “आईचे गुडघे असे, म्हणजे वरचा बाक तुझा.”

“तुझा.”

देवयानीनं मान वर केली.

“तू येईपर्यंत झाकण लावायचं नाही, अशी सक्त ताकीद होती,” रुचा म्हणाली. “म्हटलं, आई, तिला ड्राइव्ह करून यायला पाच तास लागतात. तर म्हणे, लागू देत.”

देवयानीनं वरच्या गोधडीवर हात ठेवला. तिला बरं वाटलं. अगदी निर्लज्जपणे बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच धाकटीवर मात केल्यासारखं. त्या भरातच तिनं विचारलं,

“आणि तू गं?”

रुचानं टॉर्च जरा बाजूला वळवला. तिचा चेहरा दिसेना.

“मीही विचारलं होतं एकदा. म्हणाली, अगं, बाहेरून झाकण लावायला कुणीतरी लागेलच की.”