लाल ठिपका

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भाईंदरच्या सुभाष सराफांच्या परवान्याच्या पिस्तुलावरचा लेझर बंद पडला. भिंतीवर लाल ठिपका काही पडेना. संध्याकाळी, अमेरिकेत आता उजाडलं असेल असं म्हणत, त्यांनी खोक्यावर छापलेल्या कंपनीच्या नंबरवर फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“धिस इज केव्हिन,” पलीकडून तोंडावर उशी धरल्यासारखा आवाज आला.

“अमेरिका लांब आहे ना,” त्यांनी बायकोला, मनोरमाबाईंना समजावलं. मग केव्हिनला आपल्या इंग्रजीत सांगितलं, की सेल नवे घातलेत, बटणही दाबून पाहिलं, परवापर्यंत झकास चालत होता.

“अँड येस्टरडे, सर?”

“येस्टरडे इट वॉज विथ गॉड.”

मग तोच दबका आवाज, पण चक्क मराठीत, “काका, पुढच्या काचेवर कुंकू लावलंय का?”

सुभाषरावांनी बायकोकडे पाहिलं.

“मग कुठे लावणार? कपाळासारखं तेवढंच दिसत होतं त्याला,” मनोरमाबाई म्हणाल्या.

ओल्या कापसाने काच पुसली आणि भिंतीवर ठिपका टचकन उमटला. मनोरमाबाई खूश होऊन फोनवर वाकल्या. “केव्हिन, तू कुठला रे?”

“साईराज, काकू. भाईंदरलाच इंद्रलोक वस्तीत राहतो, ऑफिस मीरा रोडला.”

“अरे, मग आवाज एवढा लांबून का येतोय?”

“काल आईने माझ्या हेडफोनची पूजा केली, काकू. माइकवर.”