फुलीच्या जागी सही

लेकीने, उमामाने, सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारून कागद पाठवला होता. कॅम्प ऑफिसच्या प्रिंटरमधून तो बाहेर आला, आणि पेन काढायला खिशात घातलेला फकरुद्दीनचा हात खिशातच राहिला.

सौदीतल्या रास अल खैरला येऊन त्याला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत किती फुल्यांवर सह्या केल्या ते त्याचं त्यालाही आठवणार नाही. इकाम्याचा, म्हणजे राहण्याच्या परवान्याचा कागद आला, कर सही. सुट्टीचा आला, कर सही. साहेबाने फुली मारायची आणि आपण नाव गिरवायचं, हा कॅम्पचा रिवाजच. वाचत बसणाऱ्याला बाकीचे हसायचे. निकाहनामा आहे का रे, म्हणून विचारायचे.

त्याचं काम समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर, पाणी आत घेणाऱ्या जाळ्यांपाशी. जेलीफिशचे लोंढे आले की जाळ्या तुंबायच्या, आणि ते कधी येतील हे भल्याभल्या इंजिनिअरांना सांगता यायचं नाही. फकरुद्दीन दाभोळच्या खाडीकाठचा. उधाणाची मोठी भरती कधी, भांगाची छोटी कधी, हे त्याला कॅलेंडर न बघता कळायचं. त्याने एक वही ठेवली. चांद कितवा, वायव्येचा शमाल वारा कधी पडला, जाळीतून किती पाट्या जेलीफिश काढले, रोज एक ओळ. वर्षानुवर्षं एक ओळ चुकली नाही. सुट्टीवर घरी जातानाही वही बॅगेत असायची, आणि बायको बदरुन्निसा म्हणायची, हिच्याशीच निकाह लावायचा होता. अशाच एका सुट्टीत नववीतल्या उमामाने त्या ओळींवरून ग्राफपेपरवर रंगीत आलेख काढला. वारा पडल्यावर, भांगाच्या दिवसांत, लाल ठिपके कसे चढत जातात ते पोरीने नेमकं पकडलं होतं. बापाने तो वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवून टाकला.

पुढे पाचेक वर्षांनी ती वही बघून डॉक्टर इमाद खुळावलाच. हा प्लांटवरचा संशोधक, महाडचा, म्हणजे आपलाच माणूस. त्याने वही नेली, पेपर लिहिला, एका मोठ्या जर्नलला धाडला. पेपरच्या तळाशी फकरुद्दीनचे आभार, आणि मधोमध उमामाचा आलेख, फक्त कॉम्प्युटरवर घासूनपुसून घेतलेला. छापण्याआधी डॉक्टरने एक इंग्रजी कागद पुढे केला. त्यावर फुली होतीच. फकरुद्दीनने उभ्याउभ्या सही ठोकली आणि त्या दिवशी आपल्या अख्ख्या खोलीला कब्सा, तिकडचा मटणभात, खाऊ घातला. आपली वही जगात वाचली जाणार, एवढंच त्याला समजलं होतं.

जगात कसली वाचली जाते! तीन वर्षांनी उमामा एम.एस्सी.ला आली, विषय जेलीफिशच घेतला, तर पेपरचं पहिलं पान तेवढं उघडलं. बाकीचं कुलपात, पैसे भरा तर उघडणार. तिचं काही अडलं नाही, कारण आलेख तिचाच होता. तिने तो प्रबंधात घातला आणि खाली अब्बांच्या वहीवरून असं साफ लिहिलं. कॉलेजच्या चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरने ते पान लाल केलं. आलेख आधीच छापलेला, हक्क जर्नलचे. आता बोला. पोरीने शाळेत असताना काढलेलं चित्र पोरीनेच चोरलं.

तिने जर्नलला लिहिलं, तर परवानगीला सहा आठवडे लागतील असं उत्तर आलं. प्रबंध द्यायला उरले होते आठ दिवस. वहीचे फोटो दाखवले, तर कमिटी म्हणाली, वही कुणाची ते आम्ही विचारतच नाही, हक्क कुणाचे ते सांगा.

मग फकरुद्दीन डॉक्टरकडे गेला. आलेख पोरीचा आहे, एवढं दोन ओळीत लिहून द्या म्हणाला. आयुष्यात त्याने कुणापुढे हात जोडले नव्हते, त्या दिवशी जोडले. डॉक्टर आधी भलतीकडेच गेला. सगळ्यांना फुकट वाचता येणारी जर्नलं असतात, पण तिथे छापायची फी आपण भरायची, ती कंपनीने नाकारली, म्हणून हे कुलूपवालं घेतलं. आता माझा पेपर मलाही कुठे लावता येत नाही, म्हणाला. मग दोन ओळींवर आला. तसं लिहून दिलं तर जर्नल पेपर मागे घेईल, आणि त्याच पेपरवर त्याची बढती अडकलेली.

"पण तो तिचाच आहे, डॉक्टरसाहेब. तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे, चाचा." डॉक्टरने मान वर केली नाही. "पण वहीतलं सगळं माझंच आहे आणि मी ते कायमचं देऊन टाकतोय, असं तुम्ही सही करून दिलंय. सही वाचून करायची होती."

फकरुद्दीनला संताप आला. डॉक्टरचा जास्त की स्वतःचा, ते काही त्याला कळेना. पोरीचं चित्र तिला न विचारता देऊन बसला होता तो, आणि वर कब्सा वाटला होता.

कॉलेजने एकच वाट ठेवली. प्रबंधातून आलेखाचं प्रकरण काढायचं, कबुली लिहून द्यायची आणि खाली पालकाची सही. तरच डिग्री. उमामाने फोनवर एवढंच सांगितलं की अब्बा, फुली मारली आहे, सही करून पाठवा, वाचू नका. रडली असती तर बरं झालं असतं.

कॅम्प ऑफिसचा जुनैद किल्ल्या वाजवत उभा होता. सही मार आणि चल, यल्ला, म्हणाला. फकरुद्दीनने खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि शब्दाखाली बोट ठेवत इंग्रजी कागद सावकाश वाचायला घेतला. माझी मुलगी उमामा हिने दुसऱ्याच्या मालकीचा आलेख चोरून स्वतःचा म्हणून दाखवला, हे मला मान्य आहे.

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्याने कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, आणि मग फुलीच्या जागी सही केली.