दातांतल्या काड्या

"सांगतो, पण तू काही मानणार नाही," दातांत ठासलेल्या आइस्क्रीमच्या काड्या काढत मंगरू म्हणाला. सुपारी-तंबाखूचा खर्रा खाऊन खाऊन त्याचा जबडा आखडला होता. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज सकाळी काड्या ठासायच्या, जमलं की एक वाढवायची. सोडलं तर तोंड कायमचं मिटेल. कानशिलं ठणकायची, डोळ्यांतून धारा लागायच्या, पण मंगरूने एका दिवसाचाही खाडा केला नव्हता.

"तुमच्यानं तं साधा उपास होत नाही काका, मंग हे कसं जमून राहिलं?" शेजारच्या प्रफुल्लने विचारलं होतं. त्याच्याही गालात खर्रा होताच.

"वावराच्या धुऱ्यावर, बांधावरच, वाघ होता राजा! हातभर अंतर. मी ओरडाले गेलो, तं तोंडच उघडेना. वाघ पाहून राहिला, मी पाहून राहिलो, अन् तोंडातून नुसतं ऊं ऊं. तवाच ठरवलं, हे तोंड उघडलंच पाह्यजे."

प्रफुल्लचं चघळणं थांबलं. "मंग?"

मंगरू आता वाघाला झेप घ्यायला लावणार, तेवढ्यात त्याची बायको विमलाबाई सुपातल्या तांदळांतून मान वर न करता बोलली, "वाघ कायचा जी? साप होता. माहा पाय त्याच्यावर पडत होता, अन् तुमच्या तोंडातून 'थांब' निंघत नोहतं."